फ्लायव्हील हलकं केलं तर गाडीचं ॲव्हरेज खरंच वाढतं का?

कसबा_बावडा:
मंडळी, कोल्हापुरातनं नमस्कार. गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, रनिंग बऱ्यापैकी झालंय. क्लच संपलाय, त्यामुळं गिअरबॉक्स उतरवायचाच आहे. गॅरेजमधले मेस्त्री म्हणतात, "एवढं खोललंयच तर फ्लायव्हील उद्यमनगरात लेथवर चढवू, मागून दोन किलो काढू. गाडी पळंल पण आणि ॲव्हरेज लिटरला दोन किलोमीटरनं वाढंल." सध्या गावात पंधराच्या आसपास मिळतं.

रोजचा रस्ता म्हणजे बावड्यातून ताराराणी चौक, तावडे हॉटेलपाशी हायवे, तिथनं गोकुळ शिरगाव एमआयडीसी. अधूनमधून गगनबावड्यावरून कोकणात उतरतो. पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून दोन किलोमीटर म्हणजे माझ्यासाठी किरकोळ गोष्ट नाही. पण फ्लायव्हील एकदा कापलं की परत जोडता येत नाही, म्हणून आधी इथं विचारतोय. ज्यांनी केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा.

रंकाळा_वारा:
करून टाक भावा. माझ्या मित्रानं जुन्या गाडीला केलंय. नाद खुळा पिकअप. पाय ठेवला की इंजिन वर. ॲव्हरेजपण वाढलंय म्हणतो.

टर्नर_शिरोली:
बावडाकर, फ्लायव्हील टर्निंगची कामं आमच्याकडं येतात, तेव्हा आधी लेथवर काय होतं ते सांगतो. हिशोबाचं कोणीतरी जाणकार लिहील.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या (पिस्टननी फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला बसलेली बिडाची जाड थाळी. तुमच्या गाडीचं साधारण सहा-साडेसहा किलो भरंल. बाहेरच्या कडेला रिंग गिअर गरम करून बसवलेला असतो, त्यात स्टार्टरचं पिनियन अडकतं. पुढच्या अंगाला क्लच प्लेट घासते. मधे क्रँकला बसणारे बोल्ट. या तिन्ही जागांना हात लावायचा नाही, मग माल निघणार कुठनं? मागच्या अंगानं, बोल्टांचं वर्तुळ आणि रिंग गिअर यांच्या मधल्या पट्ट्यातनं. तिथं जितकं बाहेर जाल तितका फरक जास्त. बारा सेंटीमीटरवरचा एक किलो हा सहा सेंटीमीटरवरच्या एक किलोच्या चौपट काम करतो, कारण जडत्व, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, त्रिज्येच्या वर्गानं वाढतं. त्यामुळं "किती किलो काढलं" हा अर्धाच प्रश्न आहे, "कुठनं काढलं" हे विचारा. मधल्या भागातनं दोन किलो काढून वजनकाट्यावर दाखवणारे आहेत, त्याचा गाडीला उपयोग जवळजवळ शून्य.

आता धोक्याचं. क्लच घसरून घसरून फ्लायव्हीलच्या तोंडावर निळसर डाग पडलेले असतात. तिथं बीड तापून कडक झालेलं असतं आणि त्याच जागी केसासारख्या बारीक चिरा असतात, मध्यातून बाहेर जाणाऱ्या. नुसत्या डोळ्यांना त्या सहसा दिसत नाहीत. आम्ही तोंड स्वच्छ करून लाल डाय मारतो, थोडा वेळ ठेवून पुसतो आणि वर पांढरा डेव्हलपर फवारतो. चीर असली की पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटते. असं फ्लायव्हील मी पातळ करत नाही, गिऱ्हाईक कितीही मागं लागू दे. सत्तावीस सेंटीमीटर व्यासाचं फ्लायव्हील ६,००० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची कड ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगानं पळत असते. त्यातला तुकडा सुटला तर बेलहाऊसिंग (क्लच-फ्लायव्हीलवरचं कवच) फोडून बाहेर येतो, आणि बेलहाऊसिंगच्या पलीकडं ड्रायव्हरचे पाय असतात.

अजून एक. काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे दात फ्लायव्हीलवरच कापलेले असतात. साठ दातांची जागा, त्यातले दोन गाळलेले. त्या गाळलेल्या जागेवरनं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पिस्टनची जागा कळते. लेथवर त्याला धक्का लागला तर गाडी चालूच होणार नाही. काम देण्याआधी हे बघून घ्या.

मेकॅनिकल_मॅडम:
टर्नरदादांनी जडत्वाचं अगदी बरोबर सांगितलं. मी इथल्याच एका कॉलेजात मशीन डिझाइन शिकवते, त्यामुळे पुढचा हिशोब मांडते. आकडे तुमच्या गाडीसारख्या गाडीसाठी अंदाजाने धरलेत, पण अंदाज दीडपटीने चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही.

दोन किलो माल सरासरी दहा सेंटीमीटर त्रिज्येवरून काढला तर जडत्व ०.०२ किलोग्रॅम-मीटर वर्गाने कमी होतं. ३,००० आरपीएमला एवढ्या मालात साठलेली ऊर्जा येते सुमारे १,००० जूल, म्हणजे एक किलोजूल. हलकं फ्लायव्हील वाचवतं ते एवढंच: इंजिन वर चढवताना फिरवावा लागणारा तो जास्तीचा माल.

आता गावातलं चालवणं धरू. सिग्नलवरून निघालात, पहिला, दुसरा, तिसरा. २,००० आरपीएमला गिअर बदलत शांतपणे गेलात तर तिन्ही गिअर मिळून वाचतात सुमारे ०.९ किलोजूल. दर वेळी ३,००० पर्यंत ताणलंत तर सव्वादोन किलोजूल. आणि गाडीला काय लागतं? माणसांसकट ११०० किलोची गाडी शून्यावरून ताशी ४० वर न्यायला ६८ किलोजूल. त्यात टायरचा रोध मिळवा, तो किलोमीटरमागे सव्वाशेच्या पुढे जातो. वर हवेचा रोध. किलोमीटरला तीनदा थांबून निघायचं धरलं तर चाकांना लागणारी एकूण ऊर्जा ३५० किलोजूलच्या वर जाते. त्यातले तुम्ही वाचवणार पावणेतीन ते पावणेसात.

पेट्रोलच्या भाषेत सांगते. एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाजूल उष्णता असते आणि गावातल्या चालवण्यात इंजिन त्यातला फार तर पाव भाग चाकांपर्यंत पोहोचवतं. त्या हिशोबाने पंधरा किलोमीटरमागे, म्हणजे तुमच्या एक लिटरमागे, शांत चालवणाऱ्याचे ५ मिलिलिटर वाचतील आणि ताणून चालवणाऱ्याचे १३ च्या आसपास. पंधराचं ॲव्हरेज जाईल १५.१ ते १५.२ वर. शिवाय ही वरची मर्यादा आहे, कारण भारी फ्लायव्हीलमध्ये घातलेली ऊर्जा सगळी वाया जात नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की तीच ऊर्जा गाडीला थोडं पुढे ढकलते.

पंधराचे सतरा व्हायला पेट्रोल १२ टक्के कमी लागलं पाहिजे. फ्लायव्हीलचं सगळं जडत्व शून्य झालं असं धरलं, तरी याच हिशोबाने बचत चार टक्क्यांच्या पुढे जात नाही. मग दोन किलोमीटर कुठून येणार?

रंकाळा_वारा:
मॅडम, हिशोब पटतोय, पण गाडी हलकी झाल्याचं मी स्वतः चालवून बघितलंय. तो काय भास होता का?

मेकॅनिकल_मॅडम:
भास अजिबात नाही. तुम्हाला जाणवलं ते खरं आहे, फक्त त्याचा पेट्रोलशी संबंध थोडा आहे. फिरणाऱ्या भागाचं जडत्व चाकांपाशी किती वजनासारखं वाटतं हे गिअरवर ठरतं, आणि तेही गिअर गुणोत्तराच्या वर्गाने. ०.०२ एवढं जडत्व कमी केलं की पहिल्या गिअरमध्ये गाडी सुमारे ५५ किलोने हलकी झाल्यासारखी वाटते. दुसऱ्यात १६ किलो. तिसऱ्यात ७. पाचव्यात फक्त अडीच.

पहिल्या गिअरमध्ये एक माणूस उतरल्यासारखं वाटतं, म्हणून निघताना मजा येते. न्यूट्रलमध्ये तर गाडीचं वजन मधे येतच नाही, त्यामुळे जागेवर रेस केलं की सुई झपकन वर जाते. गॅरेजमध्ये फरक दाखवतात तो असाच. पण पेट्रोल जळतं ते मुख्यतः वरच्या गिअरमध्ये. पुणे-बंगळूर हायवेला ताशी ८० वर गाडी एकसारखी चाललीय, आरपीएम स्थिर आहे. अशा वेळी फ्लायव्हील तीन किलोचं असो की दहा किलोचं, पेट्रोल तेवढंच लागतं. एका वेगाने फिरत राहिलेल्या वस्तूला फिरवत ठेवायला जडत्वापोटी काही द्यावं लागत नाही. बावडाकरांच्या रोजच्या रस्त्यातला हायवेचा तुकडा या हिशोबातून सरळ बाहेर जातो.

गगनबावडा_लाईन:
मी घाटातला माणूस. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, सगळीकडं गाडी असते माझी. मॅडमचा हिशोब समोर आहेच, मी चालवण्यातलं सांगतो.

गळीत हंगामात कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यानं जावा. पुढं ऊसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, समोरनं मोकळी ट्रॉली येतीय, ओव्हरटेकला जागा नाही. चालायचं पहिल्या-दुसऱ्यात, रांगत. भारी फ्लायव्हीलची गाडी ॲक्सिलरेटर सोडला तरी १,००० आरपीएमवर गुमान चालत राहते. फ्लायव्हील हलकं केलेली एक गाडी मी पावण्यांसाठी चालवली होती. ती तशी रांगत नाही, धक्के देते. मग क्लचवर पाय येतो. अर्धा क्लच दाबून गाडी सांभाळायची म्हणजे प्लेट घासणार, उष्णता होणार, पेट्रोल त्या उष्णतेत जाणार. मॅडमनी पाच मिलिलिटर म्हटलंय ना, ते अशा दोन-चार किलोमीटरच्या रांगेत परत जातंय बघा.

चढालापण तेच. चढावर दुसऱ्यातनं तिसरा टाकायला क्लच दाबला की हलक्या फ्लायव्हीलचे आरपीएम धाडकन पडतात. हात चटकन चालला तर ठीक, नाहीतर गिअर पडेपर्यंत इंजिन खाली आलेलं असतं आणि गाडी गुदमरते. मग माणूस दुसऱ्यातच ताणत राहतो. ताणलं की ॲव्हरेज पडलंच. उतरताना मात्र हलकं फ्लायव्हील बरं वाटलं, इंजिन ब्रेकिंग लवकर लागतं, एवढं प्रामाणिकपणे सांगतो.

हुपरीकर:
गुऱ्हाळावरचं जुनं ऑइल इंजिन ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळंल. एकच सिलिंडर, साडेसहाशे आरपीएम, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढी बिडाची चाकं. चार स्ट्रोकमधला एकच स्ट्रोक ताकद देणारा, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा. उरलेला सगळा वेळ चरक फिरतो तो त्या चाकांत साठलेल्या जोरावर. आमच्या वडिलांच्या गुऱ्हाळात चरकात ऊसाची मोळी एकदम जास्त गेली की इंजिनाचा आवाज दबायचा, पण चाकं ते ओढून न्यायची. ती चाकं हलकी असती तर पट्टा उतरला असता नाहीतर इंजिन बंद पडलं असतं.

मेकॅनिकल_मॅडम:
हुपरीकरांचं उदाहरण इथे चपखल बसतं, कारण तत्त्व तेच आहे, फक्त ठोक्यांतलं, म्हणजे ताकद देणाऱ्या स्ट्रोकांमधलं, अंतर वेगळं. चार सिलिंडरमध्ये प्रत्येक अर्ध्या फेरीला एक ठोका, ८०० आरपीएमच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सेकंदाला सुमारे २७. तीन सिलिंडरमध्ये त्याच आरपीएमला २०, म्हणजे दोन ठोक्यांमधली मोकळी जागा मोठी आणि ती भरून काढायला फ्लायव्हील जास्त लागतं. हल्लीच्या पुष्कळ छोट्या गाड्या तीन सिलिंडरच्या आहेत, त्यांच्या मालकांनी तर या वाटेला जाऊच नये.

आता यातला पेट्रोलचा भाग. फ्लायव्हील हलकं केलं की आयडल थरथरतं. मग कोणीतरी आयडल वाढवून देतं, ७५० वरून ९००. छोटं पेट्रोल इंजिन आयडलला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. आरपीएम पाचव्या हिश्श्याने वाढवले की पिणंही साधारण तेवढंच वाढतं, मिनिटाला दोन मिलिलिटरच्या थोडं वर. दिवसाच्या पंधरा किलोमीटरमध्ये तुम्ही सिग्नलला मिळून तीन मिनिटं थांबलात तर सहा मिलिलिटर जास्त गेले. शांत चालवणाऱ्याची फ्लायव्हीलची सगळी बचत तिथेच संपली.

याच्या उलट बाजूही बघा. ताराराणी चौकात लांब सिग्नल लागला आणि एक मिनिट इंजिन बंद ठेवलं तर दहा मिलिलिटर वाचतात. लेथवर न जाता.

कसबा_बावडा:
मॅडम, दादा, मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. पण एक शंका राहते. फ्लायव्हील हलकं केलेले दोघंतिघं भेटले, सगळे ॲव्हरेज वाढलं म्हणतात. सगळेच खोटं बोलत नसतील.

टर्नर_शिरोली:
खोटं कोणीच बोलत नाही. फ्लायव्हील बाहेर कधी येतं ते बघा. क्लच बदलतानाच. म्हणजे आधीची प्लेट झिजलेली, घसरणारी. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी तेवढी ओढत नाही, ते पेट्रोल प्लेटच्या उष्णतेत जात असतं. नवीन प्लेट, नवीन प्रेशर प्लेट, नवीन रिलीज बेअरिंग पडलं की गाडी सुधारणारच. त्याच वेळी बहुतेक जण ऑइल बदलतात, प्लग बघतात, एअर फिल्टर टाकतात. एवढी कामं एकदम झाल्यावर फरक पडला तर तो कशाचा, हे कसं ओळखणार? नाव मात्र फ्लायव्हीलचं होतं, कारण बाकीचं काम नेहमीचं असतं आणि तेवढंच नवीन असतं.

हुपरीकर:
आणि मोजतात कसं ते पण बघा. टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर नोझल आपोआप कट होतं ते एकदा लवकर होतं, एकदा उशिरा. गाडी थोडी तिरकी उभी असली तरी फरक पडतो. तीस लिटरच्या भरण्यात अर्धा लिटर इकडंतिकडं झालं की दीड टक्क्याच्या वर चूक. मॅडमच्या हिशोबातला फायदाच अर्धा ते सव्वा टक्का. ज्या मापानं मोजायचं त्याचीच चूक मोजायच्या गोष्टीपेक्षा मोठी असल्यावर एका टाकीवरनं काय ठरवणार? तोच पंप, तीच नोझल, बऱ्याच टाक्यांची बेरीज, तेवढ्या काळात टायरमधली हवा सारखी, हवामानही साधारण सारखं, असं केलं तरच काही बोलता येतं. मी शेतीची वाहनं चालवतो आणि डिझेलचा हिशोब वहीत ठेवतो, म्हणून हे ठामपणे लिहितोय.

कागल_एक्सप्रेस:
माझी गाडी डिझेल, ड्युअल मास फ्लायव्हीलची. ते गेलंय, खडखड करतंय. नवीन भलतं महाग. साधं सिंगल मास किट टाकून देतो, हलकं पण होईल आणि ॲव्हरेज पण वाढंल, असं एकानं सांगितलं. माझ्यासाठी पण हेच उत्तर का?

मेकॅनिकल_मॅडम:
कागलकर, तुमच्या बाबतीत नुकसानच व्हायची शक्यता आहे. ड्युअल मास फ्लायव्हील म्हणजे दोन वेगळी वजनं आणि त्यांच्या मधे लांब वाकडे स्प्रिंग. इंजिनाकडच्या वजनाला ठोके बसतात, स्प्रिंग ते गिळतात, गिअरबॉक्सकडे बरंच गुळगुळीत फिरणं जातं. लुक (LuK) या क्लच बनवणाऱ्या कंपनीने ही फ्लायव्हीलं १९८५ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि पुढे ती डिझेल गाड्यांत सर्रास आली. डिझेलचे ठोके जोरकस, त्यात कमी आरपीएमला भरपूर टॉर्क. ठोके गाळले गेले तरच १,२००-१,५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये गाडी कुरकुर न करता चालते.

आणि कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये चालवणं हीच पेट्रोल-डिझेल वाचवण्याची सगळ्यात मोठी युक्ती आहे, कारण तेवढीच ताकद कमी फेऱ्यांत काढली की इंजिनाचं अंतर्गत घर्षण कमी होतं. म्हणून तर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचा एकेक ग्रॅम कमी करण्यासाठी धडपडणाऱ्या युरोपातल्या कंपन्यांनी फ्लायव्हील हलकं करण्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचं केलं. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी एफिशियंटडायनॅमिक्स या मुद्दाम कमी इंधनासाठी काढलेल्या गाडीत ड्युअल मास फ्लायव्हीलच्या आत झुलणारी लोलक-वजनं बसवली होती. माल वाढवला, तो खालच्या आरपीएमला चालता यावं म्हणून.

सिंगल मास टाकल्यावर तुमच्या गाडीला खालच्या आरपीएमला गिअरबॉक्समधून खडखड येईल, बॉडी थरथरेल. ते टाळायला तुम्ही नकळत एक गिअर खाली चालवाल. तिथे डिझेल जास्त जाईल. पैशाची अडचण असेल तर ती वेगळी गोष्ट, पण ॲव्हरेज वाढेल म्हणून हे करू नका.

गगनबावडा_लाईन:
कागलकर, मॅडम म्हणतात ते मी स्वतःच्या जुन्या डिझेलवर सोसलंय. निपाणीच्या पुढं तवंदी घाटात चौथ्यात आरामात जाणारी गाडी किट बदलल्यावर तिसऱ्यातच न्यावी लागायची. चौथा टाकला की गिअर लिव्हर हातात थरथरायची.

बीएसफोर_बीएससिक्स:
एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. बीएस ६ गाड्यांमध्ये ईसीयू मिसफायर ओळखतो तो क्रँकच्या वेगातल्या चढउतारावरून. एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकला की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो, ते सेन्सरला दिसतं. कंपनीनं हे गणित मूळच्या फ्लायव्हीलवर बसवलेलं असतं. जडत्व कमी केलं की चांगल्या ठोक्यांतही चढउतार मोठा दिसतो, आणि ईसीयूला वाटतं मिसफायर होतोय. पी०३०० कोड, चेक इंजिनचा दिवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी काही गाड्या त्या सिलिंडरचं इंजेक्शनही बंद करतात. मग प्लग बदल, कॉइल बदल, इंजेक्टर साफ कर, असं करत माणूस फिरत राहतो आणि मूळ कारण बेलहाऊसिंगच्या आत. स्कॅनर घेऊन काम करणाऱ्यांना विनंती: क्लचच्या कामानंतर असा कोड आला तर फ्लायव्हीलला काही केलंय का, हे आधी विचारा.

रंकाळा_वारा:
मॅडम, टर्नरदादा, लय शिकायला मिळालं. पण पिकअपसाठी, ॲव्हरेजचा विषय सोडून, करायचं असंल तर? मला ऑटोक्रॉसमध्ये (मैदानावरच्या छोट्या वळणदार ट्रॅकवरची शर्यत) उतरायचंय. तिथं पहिला-दुसराच चालतो, गाडी ट्रेलरवरनं न्यायची, आयडल-बियडलची फिकीर नाही.

टर्नर_शिरोली:
तिथं हलकं फ्लायव्हील योग्यच आहे. मॅडमचे ५५ आणि १६ किलो तुमच्या कामाचे, कारण तुमचं सगळं चालवणं त्याच दोन गिअरमध्ये आणि सेकंद महत्त्वाचा. पण रेसला बिडाचं मूळ फ्लायव्हील कापून नेऊ नका. सलग स्टीलच्या बिलेटमधनं केलेलं घ्या, किंवा स्टीलची घासपट्टी बसवलेलं ॲल्युमिनियमचं. बिडाला ओढ सहन होत नाही, चीर गेली की सांगून सवरून जात नाही. स्टील आधी वाकतं, लक्षण दाखवतं.

बॅलन्सिंग केल्याशिवाय बसवू नका. आधी एकटं फ्लायव्हील, मग त्याच्यावर प्रेशर प्लेट बसवून परत, आणि दोघांवर खूण करून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागी बसंल. एक अपवाद सांगून ठेवतो: काही तीन सिलिंडर इंजिनांत फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असमतोल ठेवलेली असते, इंजिनाचं डोलणं मारण्यासाठी. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये तसं आहे. असं फ्लायव्हील कोणी मशीनवर शून्याला आणून दिलं तर इंजिन जास्तच हलणार.

कसबा_बावडा:
मी ठरवलंय, माल काढायचा नाही. मेस्त्रींनाही हा सगळा हिशोब दाखवला. त्यांनी आयडलचं आणि रांगण्याचं लगेच मान्य केलं, म्हणाले ते आम्हालापण माहीत आहे, गिऱ्हाईक पिकअप मागतंय म्हणून सुचवतो. क्लच सेट नवीन टाकतोय. फ्लायव्हीलच्या तोंडावर मात्र दोन निळे डाग आहेत आणि नखाला एक पायरी लागते. त्याचं काय करू? तसंच बसवलं तर नवीन प्लेट खाईल का?

टर्नर_शिरोली:
खाईल. आणि क्लच सोडताना गाडी थरथरत निघेल. तोंड साफ करून घ्या. आधी डाय मारून चीर बघायला सांगा. चीर मोठी असली, बोल्टाच्या किंवा डॉवेलच्या भोकापर्यंत पोचली असली, तर नवीन घ्या. नसली तर तोंडावरनं फक्त लागेल तेवढं काढायचं. त्याला शक्य असेल तर ग्राइंडिंग करा, टर्निंग नको. निळ्या डागाची जागा कडक झालेली असते, टूल तिथं उचललं जातं आणि बारीक उंचवटा राहतो. ग्राइंडिंगचा दगड तो सपाट करतो. डाग खोलवर असला तर वरनं साफ दिसला तरी थोड्या रनिंगनंतर परत उमटतो, म्हणून तो पूर्ण जाईपर्यंत घ्या, पण कंपनीनं दिलेल्या किमान जाडीच्या खाली जाऊ नका.

आणि हे नक्की सांगा: प्लेट घासते ती जागा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात ती जागा यांच्यात पायरी असेल तर दोन्हीकडनं सारखाच माल काढायचा. नुसतं घासायचं तोंड खाली गेलं तर प्लेटवरचा दाब कमी होतो आणि नवीन क्लच पहिल्या दिवसापासनं घसरतो. काम झाल्यावर डायल गेज लावून फिरवून, डोलतंय का ते बघायला लावा. क्रँकला बसवल्यावर परत एकदा, कारण क्रँकच्या तोंडावर गंज किंवा कचरा राहिला तर चांगलं ग्राइंड केलेलं फ्लायव्हीलसुद्धा डोलतं. क्रँकचे बोल्ट नवीन घ्या आणि टॉर्क रेंचनंच आवळा. रिंग गिअरचे दात एका जागी खाल्लेले असतील तर गिअरबॉक्स खाली आहे तोवरच रिंग बदलून घ्या. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण त्याच दोन जागी थांबतं, त्यामुळं स्टार्टर तेच दात खातो.